पेटी कोपीत हवी

ऊस तोडताना डावा हात ऊस धरतो आणि उजव्या हातातला कोयता जमिनीलगत बसतो. साखर बुडख्यात जास्त, म्हणून वर घाव घातलेला ना शेतकऱ्याला चालत ना कारखान्याला. त्यामुळे चुकलेला घाव ठरल्यासारखा दोनच ठिकाणी लागतो : डाव्या हाताच्या बोटांवर नाही तर डाव्या नडगीवर. पाचटाची धारदार पाती मनगटं आणि गाल कापतात, पात्याचं टोक डोळ्यात जातं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाय घसरला तर मनगट किंवा घोटा जातो. मार्चमध्ये ऊन तापलं की चक्कर, उलट्या, पेटके सुरू होतात. ही यादी दर हंगामात तीच असते, आणि फडात बसणारे मार हे असे आधीच सांगता येण्यासारखे असूनही त्यांच्यावरचा पहिला इलाज अजून चिंधी, हळद आणि तंबाखूच आहे.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या कालव्याचं पाणी फिरलं तसा ऊस वाढला. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर ही नावं घेतली की इथल्या माणसाला आधी कारखाना आठवतो. या कारखान्यांच्या आतल्या कामगारासाठी 1948 च्या कारखाने कायद्यानं 45 व्या कलमात स्पष्ट लिहून ठेवलं : दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, आणि तिची जबाबदारी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे. पण तोडणीवाला गेटच्या बाहेर. पाथर्डी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडून तो मुकादमाची उचल घेऊन येतो. मग तो कारखान्याचा, मुकादमाचा की शेतकऱ्याचा, हा वाद दर वर्षी रंगतो आणि पेटी कोणाचीच राहत नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, ते योग्यच झालं. पण भाव वाढतो तो टनाचा. तुटलेल्या बोटाला त्यात रकाना नाही. नवराबायकोच्या जोडीला इथे ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्याला ‘अर्धा कोयता’. एकाला लागलं की दुसऱ्याची कमाईही अर्ध्यावर येते, वर खाडा धरला जातो. म्हणून जखम झाकून काम चालू ठेवलं जातं, आणि मातीनं भरलेली जखम धनुर्वाताच्या वाटेला लागते.

पेटी द्यायचीच तर ती मुकादमाकडे द्यावी, असं पहिल्यांदा कोणालाही वाटेल. मला ते चुकीचं वाटतं. मुकादम एका फडावरून दुसऱ्या फडावर हिंडत असतो. बैलगाडीवाला गडी मोळ्या भरून कारखान्यावर जातो आणि काट्याच्या रांगेत रात्र काढतो. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, उरतात बाई आणि पोरं. थंडीच्या रात्री भुईवर अंथरूण, भोवती पाचट, पाचटात उंदीर, आणि उंदरामागे मण्यार. तिचा दंश फसवा असतो. जागेवर सूज नाही, फारशी वेदनाही नाही. माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, ओवा खातो, पुन्हा आडवा होतो. पहाटे पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं बारा लाखांच्या आसपास माणसं गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. रात्री पोट दुखणं आणि पापणी उतरणं यांची सांगड घालता येणारी एक बाई दर टोळीत असली, तर दवाखान्याची वाट तीन तास आधी धरली जाईल. म्हणून शिकवायचं ते कोपीतल्या बायकांना, आणि पेटीही तिथेच ठेवायची.

पेटीत काय, हेही फडानं ठरवावं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तयार डब्यात छोट्या पट्ट्या भरपूर असतात. कोयत्याच्या घावाला त्या पुरत नाहीत. इथे जाड गॉजच्या घड्या, रुंद पट्ट्या, त्रिकोणी कापड, साबण, डोळा धुवायला सीलबंद सलाइन आणि ओआरएसच्या पुड्या हव्यात. पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शिवाय एक मोठी मच्छरदाणी. ती पेटीत मावणार नाही, पण नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला जितकी अडवते तितकं दुसरं काही नाही. खपच्ची विकत घ्यायला नको, सरळ काठी चालते. बोट तुटून पडलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फात नाही. बर्फ कुठला, असं कोणी विचारेल. ज्या रस्त्यावरून ऊस जातो त्याच रस्त्याच्या कडेला रसवंतीवर तो असतो.

यावर आक्षेप येतात. अडाणी बायकांना हे कसं जमणार? घावावर घडी ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरायला अक्षरओळख लागत नाही. जी बाई दिवसभर मोळ्या बांधते तिला पट्टी बांधायला शिकवणं अवघड नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : श्रीरामपूर काही आडरान नव्हे, शहरात दवाखाने आहेत, 2014 पासून 108 ची गाडी आहे, मग फडात डॉक्टरकी कशाला? उलट त्यानं उशीरच होईल. पण उशीर आजच होतो, आणि तो चुकीच्या उपचारानं होतो. दंशावर दोरी आवळणं, चीर देणं, मांत्रिकाकडे नेणं, जखमेत चुना भरणं, हे सगळं गाडी येण्याआधीच उरकलेलं असतं. म्हणून या शिकवणीचा निम्मा भाग ‘काय करायचं नाही’ हाच असावा. दंश झालेला हात किंवा पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. एवढं शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. ही कल्पना नवीही नाही. 1877 साली इंग्लंडात सेंट जॉन ॲम्ब्युलन्सची संघटना निघाली आणि खाणी नि रेल्वेच्या कामगारांना तिनं हेच शिकवलं. खाणीशी डॉक्टर बसलेला नसतो, फडाशीही नसतो.

खर्चाचा आक्षेप मला पोकळ वाटतो. उचलीचा हिशेब लाखात चालतो तिथे टोळीमागची ही पेटी हजार-दीड हजारात भरते. खरी अडचण पेटी रिकामी होण्याची आहे, आणि ती खरोखरच होणार. गॉज पोरांच्या खेळात जाईल, साबण अंगाला लागेल. तेव्हा पंधरवड्याचं बिल निघतं त्याच दिवशी पेटीही पाहावी, उणं असेल ते भरावं, आणि साबण संपला म्हणून कोणाला बोलू नये. शिकवायला दिवसही शोधायला नको. बॉयलर पेटतो, मोळीपूजन होतं, तेव्हा टोळ्या येऊन कोप्या घालत असतात. भाषणं थोडी आवरली तरी दोन तास निघतात.

एक गोष्ट मात्र दर फडाला नव्यानं करावी लागेल. पाथर्डीहून आलेल्या बाईनं रात्री दोन वाजता 108 ला फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न येतो : कुठे आहात? तिला माहीत असतो तो फक्त ऊस आणि अंधार. म्हणून पेटीच्या झाकणावर आतून एक कागद डकवायचा आणि कोपी हलली की बदलायचा. त्यावर गावाचं नाव, शेतमालकाचं नाव, गट नंबर, कालव्याची चारी, आणि डांबरी रस्त्यावरून आत वळताना दिसणारी एखादी ठळक खूण, मग ते देऊळ असो की पाण्याची टाकी. वाचता येत नसेल तर शेतमालकानं पहिल्याच दिवशी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्यावं.