येरवड्यातील श्रद्धास्थळे

मुळा-मुठेकाठच्या येरवड्याचे नाव निघताच बहुतेकांना तुरुंग आठवतो. तथापि टेकडीवरील तारकेश्वराचे शिवमंदिर आणि शादलबाबांचा दर्गा, म्हणजे मुस्लिम संताच्या कबरीभोवती उभे राहिलेले श्रद्धास्थान, ही दोन्ही ठिकाणे पर्यटकाला एकाच फेरीत पाहता येतात. पाहुणे मात्र बहुधा आगाखान पॅलेसपाशीच थांबतात, आणि ते अगदीच अकारण नाही: निझारी इस्माइली पंथाच्या इमामांनी, म्हणजे धर्मप्रमुखांनी, १८९२ मध्ये उभारलेल्या या वास्तूत गांधीजींसह स्थानबद्ध असताना महादेवभाई देसाई (१९४२) आणि कस्तुरबा (१९४४) यांचे निधन झाले व त्यांच्या समाध्या आवारातच आहेत. दर्ग्यात जाताना डोके झाकण्याची रीत असल्याने सोबत रुमाल असावा.