चायना ग्रास, जेली आणि आपण



लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही इथल्याच दुकानातून जेली आणली. ती मोठ्या आग्रहाने आजीला भरवायला निघाली आणि नेमका तेव्हाच आम्हाला पाकिटावर ‘जिलेटिन’ हा शब्द दिसला. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. जन्मभर शाकाहारी असलेल्या आईंच्या समोरून वाटी उचलताना फार ओशाळल्यासारखे झाले.

“अगं, इथे चायना ग्रास मिळत नाही का?” आईंनीच विचारले. मिळते की! चायना ग्रास म्हणजे अगार, लाल समुद्री शेवाळाचा अर्क. पाकिटांवर त्याचा नंबर ई ४०६. भारतात हे शेवाळ मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गोळा करतात.

अर्धा लिटर दुधाला १० ग्रॅम काड्या पुरतात. आधी भिजवून, मग पाण्यात उकळून पूर्ण विरघळवायच्या. नुसत्या गरम पाण्यात हे होत नाही (आमचा पहिला प्रयोग सिंकमध्ये गेला). ३५-४० अंशांना ते घट्ट होते, पण पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागते. ताज्या अननसाने जिलेटिनची जेली पाणचट होते, याची होत नाही.

धोकाही इथेच आहे. जिलेटिन तोंडात विरघळते, अगार विरघळत नाही. छोट्या कपातून ओढून खायची जेली घशात अडकून मुले दगावली, म्हणून युरोपियन युनियनने २००४ मध्ये शेवाळाचे असे पदार्थ घातलेल्या मिनी-कप जेलीवर बंदी आणली. ब्रिटनमध्ये ती आजही लागू आहे. तेव्हा परदेशातून कोणी असा खाऊ आणला तर मुलांना देऊ नका. घरच्या जेलीचेही पातळ काप करा आणि मुलांना समोर बसवून द्या.

चॉकलेट मिल्कमधल्या कॅरागीननबद्दल (ई ४०७) बरेच जण विचारतात. भीतीचे मूळ आहे त्याच्या मोडलेल्या रूपात, आणि ते रूप खाण्यात वापरत नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये वजनाच्या दर किलोला रोज ७५ मिलिग्रॅम ही मर्यादा तात्पुरती ठेवली आणि आणखी माहिती मागवली. १५ किलोच्या मुलाला हे सव्वा ग्रॅमपेक्षा थोडे कमीच. आम्ही घाबरत नाही, पण रोज देतही नाही.

गंमत म्हणजे शेवाळाच्या तिसऱ्या भावाचे, अल्जिनेटचे, आपल्या गावाशी नाते आहे. लीड्स विद्यापीठात स्पीकमन यांनी १९४० च्या दशकात त्यापासून चक्क धागा काढला होता! आईंना हे सांगितले तर म्हणाल्या, “धागा राहू दे, खरवसासारखे काही जमतंय का बघ.”