अर्ध्यावर थांबलेला हंगाम

युक्रेनमध्ये फुटबॉलच्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेला ‘पहिली लीग’ म्हणतात. सगळ्यांत वर प्रीमियर लीग, तिच्याखाली पहिली आणि पहिलीच्या खाली दुसरी. आपल्या रणजी करंडकातला प्लेट गट आठवा, म्हणजे या पहिल्या लीगचे स्थान लक्षात येईल. इथे फार पैसा नाही, मोठे खेळाडू नाहीत. पण वर जाण्याची धडपड मात्र जिवापाड असते.

या लीगचा २०२१-२२ चा हंगाम मला सांगायचा आहे. संघ होते सोळा. प्रत्येकाने उरलेल्या पंधरांशी दोन-दोन सामने खेळायचे, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे तीस सामने. तिकडे हिवाळ्यात मैदाने गोठतात, म्हणून डिसेंबरपासून खेळाला सुट्टी असते आणि मार्चमध्ये उरलेला हंगाम सुरू होतो. त्या सुट्टीत गुणतक्त्यावर पहिला होता खारकीवचा मेतालिस्त आणि दुसरा क्रीवी रीहचा क्रिवबास.

खारकीव हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले ते वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलेल्या मुलांमुळे. तिथला मेतालिस्त हा १९२५ सालचा क्लब. २०१२-१३ मध्ये तो देशात दुसरा आला होता. पुढे मालक बदलला, नवा मालक देश सोडून गेला, कर्ज वाढले आणि २०१६ मध्ये क्लब बंद पडला. चाहत्यांना ते सहन होईना. त्यातून ‘मेतालिस्त १९२५’ नावाचा नवा संघ उभा राहिला. नंतर शहरातल्याच दुसऱ्या एका संघाने २०२१ मध्ये जुने ‘मेतालिस्त’ नाव घेतले. एका शहरात दोन मेतालिस्त! आपल्याकडे एका नावाची दोन मंडळे झाली की खरे कोण यावरून वाद होतात, तसाच हा प्रकार. पहिल्या लीगमध्ये आघाडीवर होता तो हा दुसरा, नाव घेतलेला. क्रीवी रीह हे लोहखनिजाच्या खाणींचे गाव, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांचे जन्मगाव. त्यांचा क्रिवबासही २०१३ मध्ये बुडालेला आणि २०२० मध्ये पुन्हा उभा राहिलेला. म्हणजे वर होते ते दोन्ही संघ एकदा मेलेले होते.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने आक्रमण केले आणि मार्चचा सामना कोणाला खेळताच आला नाही. काही आठवडे वाट पाहून वसंत ऋतूत हंगाम संपल्याचे जाहीर झाले. प्रीमियर लीगमध्येही विजेता कोणी ठरवला नाही.

मग पहिल्या लीगमधून वर कोण जाणार? तीस सामने झाले नाहीत, तर गुणतक्ता खरा मानायचा का? मागे असलेला संघ उरलेल्या सामन्यांत पुढे गेला असता, असे कोणीही म्हणू शकतो आणि त्यात खोटे काहीच नाही. उत्तर मिळाले ते नियमाच्या पुस्तकातून नाही, दोन रिकाम्या जागांमुळे. वरच्या लीगमधले मारिउपोल आणि चेर्निहीवचा देस्ना हे दोन संघ पुढच्या हंगामात खेळणार नव्हते. मारिउपोल शहर रशियाच्या ताब्यात गेले होते. चेर्निहीवचे स्टेडियम मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. हाच देस्ना २०१८ मध्ये पहिल्या लीगमधून वर गेला होता आणि दोन वर्षांत देशात चौथा आला होता. मेतालिस्त आणि क्रिवबास यांना बढती मिळाली ती या जागांवर. अशा बढतीचा जल्लोष कोण करणार?

ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्ही लीग पुन्हा सुरू झाल्या, प्रेक्षकांविना. मैदानाजवळ बॉम्बपासून निवारा असणे सक्तीचे. हल्ल्याचा भोंगा वाजला की पंच खेळ थांबवतात, खेळाडू तळघरात जातात, भोंगा थांबला की परत येऊन अंग गरम करतात आणि उरलेली मिनिटे खेळतात. त्याच महिन्यात मेतालिस्तचा लव्हिवच्या रुख संघाशी झालेला सामना असाच पुन्हा पुन्हा थांबला. नव्वद मिनिटांच्या खेळाला साडेचार तासांच्या आसपास लागले. मेतालिस्तने तो २-१ असा जिंकला. थंड झालेले पाय घेऊन इतक्या वेळा नव्याने सुरुवात करणे म्हणजे काय, ते खेळलेल्यालाच कळेल.

क्रिवबासचा नवा प्रशिक्षक होता युरी वर्नीदूब. सप्टेंबर २०२१ मध्ये याच माणसाच्या शेरीफ तिरास्पोल या मोल्दोव्हाच्या संघाने रेआल माद्रिदला त्यांच्या घरी हरवले होते. आक्रमण झाले त्या दिवशी तो पोर्तुगालमध्ये संघासोबत सामन्याला होता. तिथून तो मायदेशी परतला आणि सैन्यात भरती झाला. काही महिन्यांनी तो क्रिवबासच्या मैदानावर आला. दोनच वर्षांत, २०२३-२४ मध्ये, हा बढती मिळालेला संघ शाख्तार आणि दिनामो यांच्यामागोमाग देशात तिसरा आला.

मेतालिस्तचे मात्र तसे झाले नाही. स्वतःच्या शहरात खेळता येत नव्हते, सामने देशाच्या पश्चिम भागात होत होते. एका हंगामानंतर तो पुन्हा पहिल्या लीगमध्ये उतरला.