मुदत संपलेला दारूगोळा नष्ट कोण करतं? पुलगावच्या स्फोटामागचं कंत्राटाचं गणित

२० नोव्हेंबर २०१८. सकाळी सातच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ सोनेगाव आबाजी परिसरात मोठा स्फोट झाला. मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी राखून ठेवलेल्या मैदानावर गाडीतून पेट्या उतरवण्याचं काम सुरू होतं. या स्फोटात ६ जणांचा मृत्यू झाला आणि दहाच्या आसपास लोक जखमी झाले.

मृतांमध्ये जबलपूरजवळच्या खमरिया ऑर्डनन्स फॅक्टरीचा एक कर्मचारी होता. बाकीचे आसपासच्या गावांतले लोक होते. एका खासगी कंत्राटदारामार्फत ते रोजंदारीवर कामाला आले होते.

स्फोटकं सरकारची आणि जागा लष्कराची. मग त्या पेट्या उचलायला गावातले मजूर का होते? याचं उत्तर सरकारी कंत्राटाच्या पद्धतीत सापडतं. ती पद्धत नेमकी कशी चालते, हे समजून घेऊया.

दारूगोळ्याचीही मुदत संपते

औषधासारखंच दारूगोळ्यालाही आयुष्य असतं. वर्षं उलटतात तशी आतली रसायनं बदलत जातात. काही स्फोटकं पाझरतात, काहींचे फ्यूज बेभरवशाचे होतात. असा माल युद्धात वापरता येत नाही आणि गोदामात ठेवणंही धोक्याचं असतं.

हा धोका काय असतो, ते पुलगावनेच पाहिलं आहे. इथला केंद्रीय दारूगोळा डेपो देशातला सर्वांत मोठा मानला जातो. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर या डेपोतल्या एका शेडला आग लागली. त्यात दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा जीव गेला. रणगाडाविरोधी सुरुंगांमधून टीएनटी पाझरल्याने ही आग लागल्याचं नंतर लष्कराच्या बाजूने सांगण्यात आलं.

त्यामुळे जुना माल वेळेत नष्ट करावाच लागतो. त्याची सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे मोकळ्या मैदानात स्फोट घडवणं. जमिनीत खड्डे खोदायचे, त्यात दारूगोळा रचायचा, वर मातीची किंवा वाळूची पोती ठेवायची आणि लांबून स्फोट घडवायचा. दुसरी पद्धत बंद भट्टीची. तिच्यात धूर आणि राख अडवता येते, पण यंत्रणा महाग असते.

हा प्रश्न एकट्या पुलगावचा नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा आणि शेगाववरून जाणारा मुंबई–हावडा लोहमार्ग नकाशावर पाहिला तर ते लक्षात येतं. मलकापूरच्या पश्चिमेला भुसावळ आणि वरणगावचे ऑर्डनन्स कारखाने आहेत. शेगावहून पूर्वेला गेलं की बडनेऱ्यानंतर पुलगाव लागतं. पुढे नागपूरला अंबाझरी, त्यापलीकडे भंडारा आणि खाली चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती. शस्त्रं आणि दारूगोळा तयार करणारी, साठवणारी अशी अनेक ठिकाणं खानदेश-विदर्भाच्या या पट्ट्यात आहेत. त्यांच्या कुंपणाला लागून शेतं आहेत, गावं आहेत आणि काम शोधणारी माणसंही आहेत.

मैदान एकाचं, माल दुसऱ्याचा, मजूर तिसऱ्याचे

पुलगावच्या घटनेनंतर जी माहिती समोर आली, त्यावरून कामाची रचना साधारण अशी दिसते. मैदान पुलगाव डेपोचं होतं. २३ मिलिमीटर तोफेचा माल खमरिया कारखान्याचा होता आणि तो नष्ट करण्याचं कामही त्या कारखान्याकडे होतं. खड्डे खोदणं, पोती भरणं, पेट्या उतरवणं यासाठी मजूर पुरवायचं काम खासगी कंत्राटदाराकडे होतं.

म्हणजे एकाच कामाचे तीन मालक झाले. कागदावर यात चुकीचं काही दिसत नाही. तज्ज्ञांनी स्फोटकं हाताळायची आणि अंगमेहनतीचं काम मजुरांनी करायचं, अशी ती विभागणी असते.

पण जुन्या दारूगोळ्याच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. पेटी उतरवणं हे निविदेच्या भाषेत हमालीचं काम असतं. पेटीत पाझरलेला किंवा बिघडलेला गोळा असेल, तर तेच सगळ्यात जोखमीचं काम ठरतं. पुलगावचा स्फोट खड्ड्यातला माल उडवताना झालेला नाही, तो पेट्या उतरवताना झाला. जे काम साधं समजून बाहेर दिलं गेलं होतं, तिथेच माणसं गेली.

निविदेत जोखीम कुठे हरवते?

सरकारी खरेदीत साधारणपणे दोन लिफाफे असतात. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम मिळतं. सरकारी कार्यालयांत यालाच ‘एल-१’ म्हणतात. खुर्च्या किंवा कागद विकत घेताना ही पद्धत ठीक आहे, कारण वस्तू समोर असते आणि ती मोजता येते.

सुरक्षितता अशी मोजता येत नाही. मजुरांना किती दिवस प्रशिक्षण देणार, अंगावर काय घालायला देणार, विमा किती रकमेचा, रुग्णवाहिका किती अंतरावर उभी राहणार, या सगळ्याला पैसे लागतात. निविदेत या गोष्टी स्पष्ट मागितल्या नसतील, तर त्यांचा खर्च धरणाऱ्याचा दर वाढतो आणि काम दुसऱ्याला जातं. प्रामाणिक कंत्राटदारालाही मग या बाबी गाळाव्याशा वाटतात.

यावर एक मार्ग उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काही कामांसाठी दर आणि गुणवत्ता एकत्र धरून निवड करायला परवानगी दिली. त्यात गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन देता येतं. धोकादायक सफाईची कामं या प्रकारात बसवता येऊ शकतात. मात्र त्यासाठी ‘मजूर पुरवठा’ असं साधं कंत्राट न काढता, हे जोखमीचं काम आहे हे खात्याने आधी मान्य करायला हवं.

भंगाराचा हिशेब

स्फोटानंतर मैदानात पितळ, तांबं, लोखंड विखुरलेलं असतं. त्याला बाजारात भाव मिळतो. त्यामुळे लष्करी मैदानांच्या आसपासच्या गावांत हे भंगार वेचण्याचा धंदा चालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या के. के. रेंज या सराव मैदानाच्या परिसरातही न फुटलेल्या गोळ्यांमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत.

कंत्राटाच्या दृष्टीने हा कळीचा मुद्दा आहे. धातू कोणाचा, हे कंत्राटात स्पष्ट नसेल, तर तो कमी मजुरीची भरपाई बनतो. ‘रोज कमी आहे, पण भंगार मिळेल’ अशा हिशेबाने माणसं जोखीम घेतात. अशा वेळी मैदान पूर्ण तपासून होण्याआधीच तिथे लोक शिरतात.

मजूर कोणाचे, भरपाई कोणाची?

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ‘मुख्य मालक’ ही संकल्पना आहे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम चाललंय त्याच्यावर येते. पण हा कायदा २० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा ५० झाली आहे. दहा-पंधरा मजुरांची टोळी घेऊन केलेलं काम या चौकटीतून सहज निसटू शकतं.

अपघाताच्या भरपाईचा नियम मात्र वेगळा आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासूनच कंत्राटदाराच्या मजुरासाठीही मुख्य मालकाकडे दावा करता येतो. अडचण पुराव्याची असते. हजेरीपत्रकावर नाव नाही, ओळखपत्र नाही, रोज रोखीने मिळतो, अशा माणसाच्या कुटुंबाला तो त्या दिवशी कामावर होता हेच आधी सिद्ध करावं लागतं.

भोपाळचा कचरा आणि अमेरिकेतलं कॅम्प मिंडेन

जोखीम कंत्राटातच लिहिली तर काय फरक पडतो, याचं उदाहरण भारतातच आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात गॅसकांडानंतर पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला. या कामासाठी १२६ कोटी रुपयांची तरतूद होती. कचरा भरणाऱ्या कामगारांना ३० मिनिटांच्या पाळ्या दिल्या होत्या. भट्टीत आधी तासाला १३५, मग १८०, मग २७० किलो अशा चाचण्या घेतल्या गेल्या आणि त्यांचे निष्कर्ष उच्च न्यायालयापुढे ठेवले गेले. पिथमपूरच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि त्यांच्या शंका संपल्या असंही नाही. तरीही कोण, काय, किती पैशांत आणि कोणत्या देखरेखीखाली करतंय, हे लोकांना कळत होतं. हे काम व्हायला ४० वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी.

उलट उदाहरण अमेरिकेचं. लुइझियाना राज्यातल्या कॅम्प मिंडेन या लष्करी तळावर एक्स्प्लो सिस्टिम्स नावाच्या खासगी कंपनीला तोफगोळ्यांची जुनी प्रणोदक दारू वेगळी करण्याचं कंत्राट मिळालं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथे स्फोट झाला. तपासात सुमारे ७ हजार टन माल धोकादायक पद्धतीने साठवलेला सापडला. २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि माल तिथेच राहिला. सरकारने तो उघड्यावर जाळायचं ठरवलं, तेव्हा स्थानिकांनी आंदोलन केलं. शेवटी बंद भट्टी उभारावी लागली आणि २०१७ मध्ये जाळण्याचं काम संपलं. पैसे गेले ते जनतेचेच.

यावरून एक गोष्ट कळते. कंत्राट दिलं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. कंत्राटदार बुडाला किंवा निघून गेला की ती परत सरकारकडेच येते, तेही जास्त किमतीत.

मातीचं काय?

माणसं दगावली की बातमी होते. जमिनीत उरलेल्या रसायनांची होत नाही. मोकळ्या मैदानातल्या स्फोटांनंतर टीएनटी, आरडीएक्स आणि शिशासारखे धातू काही प्रमाणात मातीत राहू शकतात. यातलं आरडीएक्स मातीला फारसं चिकटून राहत नाही. त्यामुळे ते पावसाच्या पाण्याबरोबर भूजलापर्यंत पोहोचू शकतं. जिथे पिण्याचं आणि शेतीचं पाणी विहिरींवर अवलंबून आहे, तिथे या मैदानांभोवतालच्या विहिरींची नियमित तपासणी गरजेची ठरते.

अमेरिकेत १९८६ पासून लष्करी जागांच्या पर्यावरणीय सफाईसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. अनेक तळांवर स्थानिक नागरिकांच्या सल्लागार समित्याही आहेत. भारतात दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. दूषित जागा शोधायची, जबाबदार कोण ते ठरवायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा, ते शक्य नसेल तर सरकारने तो करायचा, असा त्यांचा गाभा आहे. हे नियम आले तेव्हा देशात १०३ जागा दूषित म्हणून नोंदल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई त्यांपैकी फक्त ७ ठिकाणी सुरू होती.

लोणारला विचारता येतं, पुलगावला का नाही?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात गावचं सांडपाणी जातं, ही तक्रार जुनी आहे. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. त्यानंतर कोणत्या खात्याने काय केलं आणि काय रखडलं, याचा जाब खुल्या न्यायालयात विचारला गेला. काम संथ असेल, पण विचारायची सोय आहे.

लष्करी जागेच्या बाबतीत प्रश्न बहुतेक वेळा ‘सुरक्षेचं कारण’ इथेच थांबतो. काही माहिती गुप्त ठेवणं योग्यच आहे. किती दारूगोळा कुठे आहे, हे कुणी जाहीर करू नये. पण माहिती अधिकार कायद्याने लष्कराला सरसकट वगळलेलं नाही. सुरक्षेला बाधा आणणारा भाग झाकून उरलेली माहिती देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. मजुरांचा विमा आहे का, त्यांना प्रशिक्षण दिलं का, भंगार उचलण्याचा हक्क कोणाला आहे, गावच्या विहिरींचं पाणी शेवटचं कधी तपासलं, या प्रश्नांच्या उत्तरांनी देशाची सुरक्षा धोक्यात येत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन त्याच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. खमरिया आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. मालक बदलले तरी मुदत संपणारा दारूगोळा दरवर्षी निघणारच आहे आणि तो उतरवायला माणसं लागणारच आहेत. त्या माणसांची नावं हजेरीपत्रकावर असणं, पेटी उचलण्याआधी ती तज्ज्ञाने तपासलेली असणं आणि अपघात झाला तर पैसे कोण देणार हे आधीच लिहिलेलं असणं, या तीन अटी कुठल्याही निविदेत घालता येतात. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.