आपलं अंगण कोरडं, शेजाऱ्याच्या घरात पाणी

दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा. बडोद्यातल्या मराठी घरात ही नावं निघाली की आजी-आजोबांच्या गप्पा रंगतात. पण आपल्यातली बरीच कुटुंबं आता तिथे राहत नाहीत. वाडे जुने झाले, भावाभावांत वाटण्या झाल्या, गाडी लावायला जागा उरली नाही. मग कुणी मांजलपूरला गेलं, कुणी कारेलीबागेत, कुणी गोत्री, समा किंवा वाघोडिया रोडला. नवी लग्न झालेली मंडळी तर आता भायली-सेवासीकडे फ्लॅट बघतात. ही दोन्ही गावं, आणखी पाच गावांबरोबर, २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली.

फ्लॅट बघताना आपण काय विचारतो? लिफ्ट आहे का, पार्किंग किती, शाळा किती लांब, मेंटेनन्स किती. एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. पाऊस पडला की इथलं पाणी जातं कुठे?

हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात २४ तासांत २० इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. तळमजल्यावरची घरं, दुकानं, बेसमेंटमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. रस्त्यावर मगरी आल्या. बाहेरगावच्या नातेवाइकांनी मगरींचे व्हिडिओ पाहून फोन केले. आपल्या घरातली मंडळी मात्र फ्रिज, गाद्या आणि कागदपत्रं वाचवण्यात गुंतली होती.

पूर नदीला येतो, मग नदीपासून लांब असलेल्या सोसायटीत पाणी का शिरतं? यासाठी आपल्या गावाची ठेवण समजून घेतली पाहिजे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, वळणं घेत शहरातून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे निघते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ च्या सुमारास, शहराच्या पाण्यासाठी आजव्याचा तलाव बांधला गेला. तो भरला की जादा पाणी विश्वामित्रीतच येतं. शिवाय शहराचं पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारे मोठे नाले आहेत. त्यांना आपण सगळेच गुजरातीप्रमाणे ‘कांस’ म्हणतो. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावं तुम्ही ऐकली असतील.

नदी शांत असते तेव्हा कांस आपलं काम नीट करते. पण नदीची पातळी चढली की कांसेतलं पाणी नदीत शिरू शकत नाही. ते तुंबतं आणि उलटं मागे सरकतं. त्यातच कांस गाळाने, प्लॅस्टिकने भरलेली असली किंवा बांधकामांनी अरुंद झालेली असली, तर पाणी जवळच्या सखल सोसायटीत घुसतं. म्हणून नदीपासून दोन-तीन किलोमीटर लांब राहणाऱ्यालाही पुराची झळ बसते.

आता दुसरी गोष्ट. आपली बहुतेक उपनगरं ‘टी.पी. स्कीम’मधून उभी राहिली आहेत. शेतकऱ्यांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांसाठी जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या प्लॉटच्या रूपात मालकांना परत द्यायची, अशी ही पद्धत आहे. जुन्या मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्याने ती सुरू झाली. गुजरातेत ती आता १९७६ च्या कायद्याप्रमाणे चालते. पद्धत चांगली आहे, रुंद रस्ते तिच्यामुळेच मिळाले. पण शेताच्या बांधालगतचा लहानसा ओहोळ किंवा पावसाळ्यात भरणारा खड्डा नकाशात राखला नाही, तर त्यावर प्लॉट पडतो. कागदावर वाट पुसली, तरी पाणी दरवर्षी त्याच वाटेने येतं.

यातून सुरू होते उंचीची शर्यत. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात आणि वीस वर्षांपूर्वीचं टेनामेंट रस्त्याच्या खाली जातं. शेजारी नवी सोसायटी येते, ती भराव घालून आपलं जोतं तीन-चार फूट वर घेते. तिचं अंगण कोरडं राहतं आणि तिथलं पाणी जुन्या सोसायटीत उतरतं. मग जुनी सोसायटी फाटकाशी उंचवटा बांधते, तेव्हा पाणी तिसरीकडे वळतं. यात कुणी चोर नाही, प्रत्येक जण आपलं घर वाचवतो आहे. पण शेवटी पाणी थांबतं ते ज्याची भराव घालायची ऐपत नाही त्याच्या दारात, म्हणजे आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत किंवा तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंच्या घरात.

सरकारी पातळीवर काही काम सुरू झालं आहे. २०२४ च्या पुरानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीतला गाळ काढून पात्र मोकळं करण्याची मोठी मोहीम झाली. तरी गल्लीतलं गटार आणि सोसायटीचं अंगण यांच्याकडे आपल्यालाच बघावं लागेल. तरुण मंडळींनो, हे काम तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जमेल.

पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन एक फेरी मारा. आपल्या गल्लीचं पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठल्या कांसेला मिळतं, ते बघा आणि फोनवर टिपून ठेवा. अडलेल्या जागेचे फोटो तारखेसकट काढा. ‘आमच्याकडे फार पाणी भरतं’ या तक्रारीपेक्षा ‘अमुक खांबाजवळची जाळी बुजली आहे’ या तक्रारीवर काम लवकर होतं. तक्रार एप्रिल-मेमध्ये करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. बडोद्यात १९ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डात चार नगरसेवक. तुमचे चार कोण, हे घरात कुणाला सांगता येतं का, आज जेवताना विचारून बघा! उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुम्ही शाळेत गुजराती शिकलेले आहात. अर्ज सरळ, स्वच्छ गुजरातीत लिहा.

सोसायटीच्या सभेलाही जा. तिथे सहसा साठीच्या पुढचीच मंडळी असतात आणि सगळं अंगण फरशीने झाकायचा ठराव बिनविरोध पास होतो. थोडी माती उघडी ठेवा म्हणावं, पाझर विहीर करू म्हणावं. गच्चीचं पाणी जमिनीत मुरलं तर रस्त्यावर तेवढं कमी येईल आणि उन्हाळ्यात बोअरला उपयोगी पडेल. भराव घालायचाच असेल तर शेजारच्या सोसायटीला आधी बोलवा आणि उताराची गटार दोघांनी मिळून काढा. एका बैठकीने सगळं सुटणार नाही, पण निदान भिंतीवरून भांडण होणार नाही.

आणि एक काम आपल्या मंडळांसाठी. गणपतीच्या वर्गणीची यादी आपल्याकडे असतेच, घर क्रमांकासकट. त्या यादीत एक रकाना वाढवा. तळमजल्यावर एकटं कोण राहतं, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, कुणाला जिना चढताना हात द्यावा लागतो, कुणाची मुलं पुण्याला किंवा कॅनडाला आहेत, हे त्यात लिहा. त्या घरांपुढे वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचं नाव आणि फोन टाका. ही माहिती ग्रुपवर फिरवू नका, दोघा-तिघा जबाबदार माणसांकडेच ठेवा. पुरात वीज जाते, नेटवर्क जातं. तेव्हा कामाला येतो तो जिन्यावरून खाली येणारा शेजारी.

वाड्यात राहणाऱ्यांना अशी यादी लागत नसे, कारण एका चौकात सगळ्यांना सगळं माहीत असायचं. फ्लॅटमध्ये ती करावी लागते. यंदाच्या वर्गणीला निघाल तेव्हा पावतीपुस्तकाबरोबर एक वही घ्या.