एकट्याची वकिली

वकिलीची सनद हातात पडली की घरचे विचारतात, ‘आता पुढं काय?’ आणि गावातले विचारतात, ‘कुणाकडे बसणार?’ आपल्याकडे नवा वकील कुणाच्या तरी हाताखाली ‘बसतो’. ज्याचे वडील किंवा आजोबा वकील असतील, त्याच्यासाठी बसायची जागा आधीच तयार असते. पण घरातला पहिलाच माणूस काळा कोट घालतो आहे, त्यानं काय करायचं? सीनियरकडे जागाच मिळाली नाही, किंवा मिळाली तरी एस.टी.च्या पासाचे पैसेही सुटत नसतील, तर स्वतःची पाटी लावावी का? दर वर्षी दोन-चार मुलं-मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मी स्वतः सनद मिळाल्यावर तीन महिन्यांतच पाटी लावली होती. तेव्हा या विषयावर अनुभवाचे चार शब्द सांगतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. विधी पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार या नोंदणीचं शुल्क ७५० रुपये आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ते १२५ रुपये आहे. देशभरातल्या वकील परिषदा निरनिराळ्या नावांखाली याच्या कितीतरी पट रक्कम घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कायद्यात लिहिलं आहे त्यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही. गरीब घरातल्या मुलांसाठी हा निकाल मोठा आहे. नोंदणीनंतर अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा २०१० मध्ये आली. आमच्या वेळी ती नव्हती.

पण सीनियरच्या हाताखाली उमेदवारी करण्याची सक्ती कुठंही नाही. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता. मार्च १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. डॉक्टरला इंटर्नशिप करावी लागते, सी.ए.ला आर्टिकलशिप करावी लागते, वकिलाला मात्र तसं काही नाही. काल सनद घेतलेला मुलगा आज एखाद्याच्या वडिलोपार्जित जमिनीचा दावा हातात घेऊ शकतो. कायद्याची त्याला मोकळीक आहे. पण त्याची चूक झाली तर ती भोगावी लागते पक्षकाराला.

मी २००० साली सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याला सुरुवात केली. कोर्टाजवळ एक खोली भाड्यानं घेतली. टेबल जुन्या बाजारातलं होतं आणि खुर्च्या तीन, एक माझी नि दोन पक्षकारांच्या. दिवाणी आणि फौजदारी कायद्यांची पुस्तकं कॉलेजातलीच होती. टायपिंग कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून घ्यायचो. पहिले दोन महिने त्या दोन खुर्च्यांवर फक्त मित्र येऊन बसले.

नव्या वकिलाकडे एकदम खुनाचा खटला येत नाही. येतं ते किरकोळ वाटणारं काम. प्रतिज्ञापत्र, वारस दाखल्याचा अर्ज, भाडेकराराचा मसुदा, उधारीची नोटीस, सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तक्रार. यातलं बरंचसं काम कोर्टात उभं न राहता होतं आणि पहिली दोन वर्षं चूल त्याच्यावरच पेटते. यात कमीपणा मानू नये. महात्मा गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच दाव्यात ते उलटतपासाला उभे राहिले, डोकं गरगरलं आणि खाली बसले. घेतलेले तीस रुपये त्यांनी परत केले. पुढं राजकोटला जाऊन त्यांनी अर्ज लिहून द्यायचं काम केलं आणि त्यावर खर्च भागवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. पुढं १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौन्टन्सी संस्थेत ते व्यापारी कायदाही शिकवत होते. आजच्या नियमांप्रमाणेही वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. जोडधंदा शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता माझी एक चूक सांगतो. फेब्रुवारी २००२ ची गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक शेतकरी आले. वय साठीच्या पुढचं, सगळे त्यांना आबा म्हणत. डाळिंबाच्या व्यापाऱ्यानं दिलेला साडेअडतीस हजारांचा चेक न वटता परत आला होता. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं होतं, ते या पैशांवर अवलंबून होतं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो त्यांना मिळून आठ दिवस झाले होते. त्या काळी मेमो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस पाठवावी लागे. म्हणजे माझ्या हातात सात दिवस होते. सात दिवस म्हणजे भरपूर, असं मला वाटलं. नोटीस कशी जोरदार झाली पाहिजे म्हणून मी दोन वेळा मसुदा केला. मग मामेभावाच्या लग्नाला गेलो. परत आलो, टेबलावरची फाईल उघडली, बोटांवर दिवस मोजले, तर सोळावा दिवस.

त्या रात्री झोप लागली नाही. आज चेकच्या तक्रारीला उशीर झाला आणि कारण सबळ असलं, तर कोर्ट तो माफ करू शकतं. ही तरतूद ६ फेब्रुवारी २००३ पासून लागू झाली. २००२ मध्ये ती नव्हती. माझ्या आळसामुळे एका म्हाताऱ्या माणसाचे साडेअडतीस हजार बुडणार, एवढंच मला दिसत होतं. नोटिशीवर मागची तारीख टाकावी, असाही विचार मनात येऊन गेला, हे कबूल करतो.

सकाळी उठून मी बार रूममधल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी त्यांचा ज्युनियर नव्हतो. उलट दोन प्रकरणांत त्यांच्या विरुद्ध उभा होतो. सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘नोटीस गेलीय का?’ म्हटलं, नाही. ‘चेकवर तारीख कुठली?’ म्हटलं, जानेवारीची. अण्णा म्हणाले, ‘मग रडतोस कशाला? चेक सहा महिने चालतो. पुन्हा बँकेत टाक. पुन्हा परत आला की पुन्हा पंधरा दिवस मिळतील.’ १९९८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे स्पष्टच केलं होतं, की चेक मुदतीत कितीही वेळा बँकेत भरता येतो. फक्त त्या काळच्या या निकालानुसार, नोटीस देऊन पैसे आले नाहीत की मग खटल्याचं कारण एकदाच निर्माण होई. नोटीस गेलेलीच नव्हती, म्हणून वाट मोकळी होती. मी तो निकाल वाचलेला नव्हता. मागची तारीख टाकून नोटीस पाठवली असती, तर ती वाट स्वतःच्या हातानं बंद केली असती, आणि खोटेपणा केला असता तो वेगळाच.

जाता जाता अण्णा म्हणाले, ‘आबांना सांगितलंस का?’ ते मी टाळत होतो. दुपारी आबांना बोलावलं आणि चूक सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘वकीलसाहेब, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. नसतं सांगितलं तर मला काय कळणार हुतं?’ हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेलं नाही. पक्षकाराला खरोखरच काही कळत नसतं. तो आपल्या भरवशावर असतो.

चेक पुन्हा भरला, तो पुन्हा परत आला. दुसऱ्याच दिवशी साध्या चार ओळींची नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. मुदत संपायच्या दोन दिवस आधी व्यापारी रोख पैसे घेऊन ऑफिसात आला. मी पैसे ठेवून घेतले नाहीत. आबांना बोलावून त्यांच्या हातात मोजून दिले आणि पावती केली.

त्या दिवसापासून माझी एक पद्धत आहे. कागद हातात आला की आधी मुदत पाहायची, बाकी सगळं नंतर. ती मुदत तीन ठिकाणी लिहायची : डायरीत, फाईलच्या वरच्या पानावर आणि डायरीतच आठ दिवस अलीकडच्या पानावर. काही मुदती तर तोंडपाठच हव्यात. उधारीच्या दाव्याला तीन वर्षं. जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी अपिलाला तीस दिवस, त्यातून नक्कल मिळायला लागलेला काळ वजा होतो. दाव्यात कैफियत द्यायला तीस दिवस, फार तर नव्वद. सरकारवर दावा लावायचा तर साधारणपणे आधी दोन महिन्यांची नोटीस. चेकच्या नोटिशीला आता पंधराऐवजी तीस दिवस मिळतात. पण चेकच २०१२ पासून सहाऐवजी तीन महिने चालतो. अपिलाला उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो. दावाच मुदतीबाहेर गेला, तर तोही मार्ग नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. फी किती, खर्च किती, हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहावं. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा ठराव वकिलाला करता येत नाही. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. वकिलाला जाहिरात करायला आणि दलाल ठेवायला मनाई आहे. साधी, माफक आकाराची पाटी चालते. २००८ पासून ठराविक माहितीपुरतं संकेतस्थळही चालतं. मग कामं येणार कुठून? ज्याचं काम वेळेत झालं, त्याच्या तोंडून. पुढच्या पाच वर्षांत आबांच्या गावातून माझ्याकडे अकरा पक्षकार आले.

तिसरी गोष्ट ‘हे मला जमणार नाही’ असं म्हणण्याची. खुनाचा खटला, गुंतागुंतीचं वाटप, कराचं प्रकरण पहिल्या वर्षी एकट्यानं घेऊ नये. पक्षकाराच्या संमतीनं ज्येष्ठ वकिलाला बरोबर घ्यावं आणि आपण शेजारी बसून शिकावं. फी वाटली जाते, पण पक्षकार टिकतो. रिकाम्या वेळी कोर्टात मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे उलटतपास ऐकावेत. त्याला फी पडत नाही.

हे आज सांगण्याचं आणखी एक कारण आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्यामुळे पूर्वी थेट परीक्षेकडे वळणारी बरीच मुलं आता आधी कोर्टात येतील. सगळ्यांना चांगले सीनियर मिळतीलच असं नाही. काहींना एकट्यानंच पाटी लावावी लागेल. त्यांना मी म्हणतो, जरूर लावा. पण पाटी लावण्याआधी दोन गोष्टींची सोय करा. एक जाड डायरी घ्या, आणि ज्यांच्याकडे रात्री केलेली चूक सकाळी जाऊन सांगता येईल, असं एक ज्येष्ठ माणूस बार रूममध्ये जोडून ठेवा. ऑफिस एकट्याचं असू शकतं, वकिली एकट्यानं होत नाही.

अण्णा आता नाहीत. हल्ली बार रूममध्ये एखादं नवं पोरगं उतरलेल्या चेहऱ्यानं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं, की मी त्याला आधी खुर्ची देतो आणि विचारतो, ‘नोटीस गेलीय का?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)