त्रिरश्मीच्या भिंतींवरचं नाशिक

नाशिकला आलेला पाहुणा रामकुंडावर पाय धुतो, काळारामाचं दर्शन घेतो, दुपारी त्र्यंबकेश्वर करतो आणि चिवड्याचा पुडा घेऊन परतीला लागतो. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगराला या धावपळीत गाडीतूनच नमस्कार होतो. खरं तर नाशिकदर्शनाची सुरुवात तिथून करावी. या शहराचं सर्वात जुनं दप्तर त्या डोंगरात आहे आणि ते दगडावर लिहिलेलं आहे.

गावकरी याला पांडवलेणी म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदत गेलेली ही 24 बौद्ध लेणी. पायऱ्या चढून गेलं की बहुतेकांची पावलं आधी 18 क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात. त्याचं दर्शनी कोरीवकाम देखणं आहेच, पण वेळ द्यावा तो 3 आणि 10 क्रमांकांच्या विहारांना. दहाव्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात बोलतो. भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण ठेवले, तेही गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने, उरलेले हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचं नाही, व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रं आणि किरकोळ खर्च भागवायचा, असा करार. याच लेण्यात पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आणखी ठेवी ठेवल्या. त्यातली एक कुंभारांच्या श्रेणीकडे होती, एक तेल्यांच्या. हेतू एकच, आजारी भिक्षूंना औषध मिळावं. कारागिरांच्या शब्दावर राजघराण्यातला माणूस कायमचा पैसा ठेवत होता, यावरून इथल्या बाजारपेठेची पत कळते.

तिसऱ्या विहाराचा सज्जा सहा यक्षांनी खांद्यावर पेलला आहे. आत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरवलेल्या या लेखात ती आपल्या मुलाची ओळख करून देते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, आणि आईच्या सेवेत तो कधी कमी पडला नाही. तिथेच खुद्द गौतमीपुत्राची आज्ञाही आहे. भिक्षूंना आधी दिलेलं कखडी गावचं शेत पडीक राहिलं, गावही वसलं नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तनं त्यांना द्यावीत, असं राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवतात. पराक्रमाच्या वर्णनापेक्षा मला ही आज्ञा मोठी वाटते. तक्रार राजधानीपर्यंत पोचली आणि तिचा निकालही लागला.

बलश्रीच्या लेखातल्या विजयाचा पुरावा नाशिकजवळच निघाला. 1906 साली गोदाकाठच्या जोगलटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. नाण्यांची गोडी लागली तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला 1980 पासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि तिचं संग्रहालय आहे.

दुसरा दिवस सिन्नरसाठी ठेवावा. पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटरवर यादवांच्या या जुन्या राजधानीत गोंदेश्वराचं मंदिर उभं आहे. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं, असं हे भूमिज शैलीचं शिवपंचायतन. एका जोत्यावर उभा राहिलेला हा सगळा समूह महाराष्ट्रात इतका सलग क्वचितच पाहायला मिळतो. शिखरावर रांगेने चढत जाणाऱ्या लहान लहान शिखरांकडे निवांत बघत बसावं. त्याच गावातलं ऐश्वर्येश्वराचं छोटं मंदिर चुकवू नये.

आता पुन्हा शहरात. गोदाकाठी दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराचं देऊळ आहे. पुराचं पाणी कुठवर चढलं हे नाशिककर आजही मारुतीच्या अंगावरून मोजतात. काळारामाचं काळ्या दगडाचं मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. त्याच्या दाराशी मात्र इतिहास घडला तो 2 मार्च 1930 रोजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दार काही उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळारामाला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या दारापाशी थांबून हे आठवलंच पाहिजे, आणि जमलं तर येवल्याची मुक्तिभूमीही पाहावी.

2027 च्या सिंहस्थासाठी देशभरातून लोक इथे येतील. त्यांच्या आधी नाशिकच्या शाळांनी आपली मुलं त्रिरश्मीवर न्यावीत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि क्षत्रपांच्या कोरीव लेखांवर मराठीत मोठा ग्रंथ लिहून ठेवला आहे. शिक्षकांनी तो सोबत घ्यावा आणि तिसऱ्या नि दहाव्या लेण्यात उभं राहून मुलांना भिंतीवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा.